सशाचें खाजविणें

ससा म्हटला कीं आपणांस आठवतो तो गोष्टींतला: कासवाशीं शर्यत हरणारा, सिंहास विहिरींत उडी घ्यावयास लावणारा, किंवा पाठीवर पान पडतांच आभाळ कोसळलें म्हणून धूम ठोकणारा. घरांत पाळलेल्या सशाला असल्या प्रसंगांना वाव नसतो. खाणें व झोपणें यांतून उरलेला त्याचा बहुतेक वेळ स्वतःचें अंग साफ करण्यांत जातो. आमच्या घरीं ढवळा व कबरी हें जोडपें आलें तेव्हांपासून त्यांच्या या नित्यकर्माकडे आम्ही जितकें लक्ष दिलें, तितकें वर्तमानपत्राच्या अग्रलेखांकडेही दिलें नसेल.

त्याचा क्रम ठरलेला असतो. मागच्या पायांवर बसावयाचें, पुढचे पंजे चाटून ओले करावयाचे, त्यांनीं तोंड पुसावयाचें. मग एकेक कान दोन पंजांत धरून खालीं ओढावयाचा व लांबीभर चाटावयाचा. नंतर कुशी व पाठ. मधूनच मागचा पाय उचलून कानामागें झरझर खाजवावयाचें, व नखांत अडकलेले केस तोंडानें काढावयाचे. हें पाहून एका शेजारीणबाईंनीं ‘पिसवा झाल्या आहेत, चांगली आंघोळ घाला’ असा सल्ला दिला. सल्ला प्रेमाचा होता. परंतु आंघोळीच्या धसक्यानें ससा दगावूंही शकतो, शिवाय त्याचे दाट केस लवकर वाळत नाहींत. केस गळण्याच्या दिवसांत मात्र त्यास विंचरणें अवश्य आहे. सशाला ओकतां येत नाहीं. पोटांत गेलेला केस पुढेंच सरकला पाहिजे, आणि तो सरकविण्याचें काम वाळलेलें गवत करितें.

खाजविणें हा रोग केव्हां समजावा? कबरी एकदां वारंवार कान झाडूं लागली, मान तिरपी धरूं लागली. कानांत तपकिरी खपल्या सांचल्या होत्या. हें काम कोळी-विंचवांच्या वर्गांतील एका सूक्ष्म किड्याचें. त्याचाच एक भाऊबंद सशाच्या मानेवर व पाठीवर राहतो. तेथील कोंडा निरखून पाहिल्यास चालतांना दिसतो, आणि पाळणाऱ्याच्या हातांवरही खाज सुटणारें पुरळ उठतें. एका दुकानदारानें कुत्र्यांकरितां असलेला फवारा आमच्या हातीं दिला. त्यावर ‘फिप्रोनिल’ हें नांव वाचून आम्ही तो तसाच परत केला. तें औषध सशाला प्राणघातक ठरूं शकतें. पशुवैद्यांनीं आयव्हर्मेक्टिनचीं इंजेक्शनें दिलीं, व खपल्यांस हात न लावण्याची ताकीद दिली, कारण त्या ओढल्यास फार दुखतें. कांहीं आठवड्यांनीं त्या आपोआप गळाल्या.

पुढें तिनें छातीचे केस उपटून कोपऱ्यांत गवताबरोबर रचण्यास आरंभ केला, तेव्हां घरांत पुन्हा चिंता पसरली. ढवळ्याचें खच्चीकरण झालेलें. पिलें होणें शक्य नव्हतें. पण सशाच्या मादीस खोटें गर्भारपण येतें, व सुमारें अडीच आठवड्यांनीं तें ओसरतें. त्या दिवसांत रिकाम्या घरट्यापाशीं बसलेली कबरी आमच्यानें पाहवत नसे.

तथापि खाजविणाऱ्या सशाहून स्वस्थ बसलेला ससा आम्हांस अधिक भिवविणारा वाटतो. इतरांचें भक्ष्य म्हणून जन्मलेला प्राणी आपलें दुखणें लपवितो. ढवळा म्हातारपणीं अंग चाटीनासा झाला, तेव्हां येणारेजाणारे त्याच्या शांत स्वभावाची वाखाणणी करीत. सशाचे दांत जन्मभर वाढतात. ढवळ्याच्या दाढेचें टोंक जिभेस टोंचत होतें. दाढ घासून घेतल्यावर दोन दिवसांनीं त्यानें कान ओढून चाटला, आणि मुलांनीं टाळ्या पिटल्या. पुढच्या हिवाळ्यांत तो गेला.

पाळीव सशाचे पूर्वज आपल्या माळरानावरच्या सशाहून निराळे. ते स्पेन-पोर्तुगालकडील, बिळांत एकत्र राहणारे. म्हणून एकमेकांस चाटणें ही त्यांची रीत. कपाळाची जागा तर सशाच्या स्वतःच्या जिभेच्या टप्प्यांतच येत नाहीं. तेवढी जोडीदारानेंच चाटावयाची. कबरी आतां आमच्यापुढें येऊन डोकें जमिनीस टेकविते. आम्ही दोन बोटांनीं तिचें कपाळ चोळीत बसतों. ती हलकेच दांतावर दांत घासते. मग उठून आमचें मनगट थोडेंसें चाटते, आणि पुन्हा डोकें खालीं घालते. पाळी पुन्हा आमची.