बुश फाटले, पण माल खोटा नव्हता



आजची नोंद प्लॉटमधली नाही, गाडीखालची आहे. दिवाळीच्या तोंडावर मी याच पानावर दोन ओळी लिहिल्या होत्या, की तालुक्याच्या गावाला डुप्लिकेट बुश विकतात, जपून घ्या. दुकानाचं नाव घेतलं नव्हतं, पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं. त्या दोन ओळी चुकीच्या होत्या. चूक माझीच होती. ती कशी झाली आणि काम कमी पैशात नीट कसं होतं, हे दोन्ही आज लिहितो.

आमच्याकडं जुनी पाट्याची जीप आहे. घरची माणसं तिच्यातच जातात आणि टोमॅटोच्या दिवसांत मागची सीट काढून पंचवीस-तीस क्रेट नारायणगावच्या मार्केटला तिच्यातच जातात. वीस किलोचा क्रेट धरला तर पाचशे-सहाशे किलो झाले. त्यात आमचा शिवाररस्ता. मागच्या उन्हाळ्यात गाडी मागून वाजायला लागली. भरलेली असली की गप्प, रिकामी येताना खड्ड्यात कट-कट. ब्रेक दाबला की मागं एक टक असा आवाज. वळणावर मागचा भाग डुलायचा. आई मागं बसायची ती म्हणाली, "तुझ्या गाडीपेक्षा बैलगाडी बरी होती."

गॅरेजवाल्यानं एक चक्कर मारली आणि सांगितलं, पाटे बसलेत, दोन्ही सेट बदला, शॉकअप पण टाका, सतरा-अठरा हजार धरा. पोरगा म्हणाला, "आप्पा, एवढे घालण्यापेक्षा विकून टाकू, नवीन हप्त्यावर घेऊ." मार्केटचा भाव काय चालला होता ते तुम्हाला माहीत आहे. हप्ता हे नाव ऐकूनच मी गाडीखाली शिरलो.

आधी पाटे खरंच बसलेत का ते बघितलं. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी केली आणि चाकाच्या मधल्या भागापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजलं. दोन्ही बाजू बोटभर फरकानंसुद्धा वेगळ्या नव्हत्या. पाटा चेसीच्या रबरी ठोकळ्याला टेकलेला नव्हता. एकही पान तडकलेलं नव्हतं, सेंटर बोल्ट शाबूत होता. शॉकअपला तेल आलेलं नव्हतं. म्हणजे पाटे ठीक होते.

मग पहार घेतली. पाट्याच्या टोकाला जो गोल डोळा असतो, त्याच्या आणि चेसीवरच्या कानाच्या मध्ये पहार घालून हलवलं, तर डोळा आडवा सरकत होता. बोल्टाजवळ तांबूस भुकटी साचलेली. लोखंडावर लोखंड घासलं की अशी भुकटी पडते. रबर एका बाजूला बाहेर आलेलं आणि चिरलेलं. दुखणं सापडलं होतं. एका पाट्याला तीन बुश असतात. एक पुढच्या डोळ्यात, एक मागच्या डोळ्यात आणि एक शॅकलच्या वरच्या टोकाला चेसीत. दोन्ही बाजूचे मिळून सहा. गाडीचा प्रत्येक दणका हे सहा रबरं खातात, ती गेली की दणका सरळ चेसीला आणि माणसाच्या कमरेला.

दुकानातून सहा बुश आणले, १४० प्रमाणे ८४० रुपये. आमच्या गाडीचा बुश असा असतो: बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि मध्ये दोघींना चिकटवलेलं रबर. दोन दिवस आधी नटांवर डिझेल सोडून ठेवलं. पुढच्या चाकांना दगड लावले, चेसीखाली लाकडी ओंडके रचले, एक जॅक ॲक्सलखाली ठेवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, जॅक सुटला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. एकावेळी एकच बाजू सोडली, म्हणजे ॲक्सल जागेवर राहतो. जुन्या बुशाची आतली नळी आणि रबर ठोकून काढलं, बाहेरच्या नळीला हॅक्सॉ ब्लेडनं आतून एक काप दिला आणि ती छिन्नीनं गोळा करून बाहेर काढली. काप देताना डोळ्याच्या लोखंडाला ब्लेड लागू द्यायचं नाही. नवीन बुश लांब बोल्ट, जाड वायसर आणि पाइपचा तुकडा वापरून ओढून बसवला.

मग गाडी ओंडक्यांवर असतानाच, चाकं लोंबकळत असताना, पान्याला पाइप लावून सगळे नट एकदम कच्चून आवळले. चूक इथं झाली, पण त्या दिवशी मी खुशीत होतो. अठरा हजारांचं काम ८४० रुपयांत केलं म्हणून पारावर चार जणांना सांगितलंही.

गाडी चार महिने गप्प राहिली. दिवाळीच्या आधी पुन्हा कट-कट सुरू. खोलून बघतो तर पुढचे दोन्ही बुश पार फाटलेले आणि शॅकलमधले दोन निम्मे गेलेले. मी ते चार तुकडे पिशवीत घातले आणि सरळ दुकानात गेलो. शेठ गिऱ्हाईक करत होते. मी काउंटरवर पिशवी उलटी केली आणि चार माणसांत बोललो, "शेतकऱ्याला असला डुप्लिकेट माल देता, लाज वाटत नाही?" अजूनही बरंच बोललो, ते लिहीत नाही. शेठ वाद घालत बसले नाहीत. गल्ल्यातून ८४० काढून समोर ठेवले. मी ते उचलले आणि घरी येऊन त्या दोन ओळी लिहिल्या.

रबराचा नाद सोडून नायलॉनचे बुश करून घ्यावेत म्हणून तेच तुकडे घेऊन लेथवाल्या मिस्त्रींकडं गेलो. वयस्कर माणूस, आयुष्य पाट्यांत गेलेलं. त्यांनी तुकडा हातात घेतला, रबरात नख रोवून बघितलं, वास घेतला. म्हणाले, "रबर ताजं आहे. झिजलं नाही, तडकलंही नाही. हे पिळून फाटलंय." मग चारही तुकडे ओळीनं मांडले. आतल्या नळीपासून रबर तिरकं फाटत गेलं होतं, ओला कपडा पिळल्यावर पीळ दिसतो तसं. त्यांनी एकच विचारलं, "चाकं हवेत असताना आवळलं ना, पाटील?"

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. गाडी उचलली की पाटा कमानीसारखा वाकलेला असतो. गाडी खाली टेकली की वजनानं तो सपाट होतो, सपाट झाला की लांब होतो. त्यासाठीच मागं झुलणारी शॅकल दिलेली असते. या हालचालीत डोळा थोडा फिरतो. बोल्ट आवळला की बुशाची आतली नळी कानांमध्ये घट्ट पकडली जाते, ती फिरत नाही. बाहेरची नळी डोळ्याबरोबर फिरते. मधलं रबर पिळलं जातं आणि परत सुटतं, त्याचं कामच ते आहे. पण चाकं लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी जमिनीवर नुसती उभी असतानाच रबराला अर्धा पीळ बसलेला असतो. वरून पाचशे किलो टोमॅटो आणि खड्डे. मग ते किती दिवस टिकणार?

मी नायलॉनचं विचारलं. म्हणाले, करून देतो, पण नायलॉन दणका खात नाही, पुढं ढकलतो, आणि त्याला ग्रीस लागत राहतं. माल वाहायला चालेल, आईला बसवायची असेल तर रबरच टाका. टायरचे तुकडे कोंबायचा जुगाड तर नाहीच, त्यात बोल्ट हलत राहतो आणि चेसीचं भोक मोठं होतं. डोळा गॅसनं तापवून बुश जाळूनही काढू नका, पाट्याचं पाणी उतरतं आणि तो तिथंच मोडतो.

आता बुश आणायचे कुठून? दुसऱ्या गावाला जाता आलं असतं. त्या रात्री झोप लागली नाही हे खरं. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात गेलो. आधी जुने ८४० काउंटरवर ठेवले आणि म्हणालो, "शेठ, चूक माझी होती, माल चांगला होता. तेच सहा बुश परत द्या." शेठनी पैसे मोजले नाहीत. एवढंच म्हणाले, "पैशाचं राहू द्या हो. पण त्या दिवशी तुमच्यामागं दोन गिऱ्हाईकं काही न घेता उठून गेली. त्यातला एक अजून आलेला नाही." मला त्यावर काही बोलता आलं नाही. पैसे त्यांनी घेतले, पण मी हातच जोडल्यावर.

दुसऱ्यांदा काम केलं ते असं. पाटे उतरवून लेथवर नेले, प्रेसवर बुश बसवून घेतले. बसवताना साबणाचं पाणी लावलं. ऑइल, ग्रीस, डिझेल नवीन रबराला लावू नका, रबर फुगतं. गंजलेले चार बोल्ट आणि ताणलेले चारही यू-बोल्ट नवीन घेतले. गाडीवर पाटे चढवून यू-बोल्ट आलटून पालटून कर्णात आवळले, पण बुशाचे सहाही नट फक्त हातानं टेकवून ठेवले. चाकं लावली, गाडी जमिनीवर सोडली, आम्ही तिघांनी मागं चढून ती हलवली आणि अंगणातच हळू दोन-तीन वेळा पुढं-मागं केली. पाटा आपल्या जागेवर बसला. मग गाडी चाकांवर उभी असताना, रोजच्या वजनावर, खाली झोपून सहाही नट आवळले. पंधरा दिवसांनी सगळे पुन्हा तपासले, यू-बोल्टांनी अर्धा-अर्धा आटा घेतला.

हिशोब: सहा बुश ८४०, चार बोल्ट ३४०, चार यू-बोल्ट ४४०, लेथवर ४००. एकूण २०२०. माझ्या चुकीचे ८४० धरले तर २८६०. तरी गॅरेजवाल्याच्या अंदाजापेक्षा बरेच वाचले, आणि हप्ता टळला. ज्यांच्या छोट्या गाडीला मागं पाट्याऐवजी स्प्रिंग आणि आर्म आहेत, त्यांच्या आर्मच्या असल्या बुशांनाही हाच नियम: शेवटचं आवळणं चाकांवर वजन आल्यावर. मात्र पान मोडलेलं असेल किंवा चेसीवरचा कान तडकला असेल, तर घरी हात लावू नका, जाणत्याकडं न्या.

हे शेतीच्या पानावर का, असं कुणी विचारेल. दोन वर्षांपूर्वी मी हरभऱ्याच्या बियाण्याला कार्बेन्डाझिम आणि ट्रायकोडर्मा एकाच घमेल्यात चोळलं होतं. मर लागली तेव्हा ट्रायकोडर्मा बोगस म्हणून कृषी केंद्रवाल्याशी भांडलो. पुढं एका कृषी सहायकानं सांगितलं की ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे, कार्बेन्डाझिम तिलाही मारतं. तेव्हाही मी फक्त "बरं" म्हणून घरी आलो होतो, त्या केंद्रावर परत गेलो नाही. बोगस माल बाजारात आहे, आपण फसलोही आहोत, तिथं पावती धरून भांडायचंच. पण भांडायच्या आधी फाटलेला तुकडा एखाद्या जाणत्याला दाखवायचा, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं.

दिवाळीच्या त्या दोन ओळी मी पुसून टाकणार नाही. त्यांच्याखाली ही नोंद राहू दे. ज्यांनी माझं वाचून त्या दुकानात जाणं सोडलं असेल, त्यांनी परत जावं. कृषी केंद्रावर मी या आठवड्यात जाऊन येतो.

आई परवा मागच्या सीटवर बसून आळेफाट्याला जाऊन आली. बैलगाडीचं नाव निघालं नाही.