मोकळा वेळ : एका तासिकेची आठवण

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा निरोप आला तेव्हा आम्ही जुने वर्गमित्र एकत्र बसलो. कुणाला पहाटेची वंदना आठवली, कुणाला थंडीत हौदाकाठी लागणारी रांग, तर कुणाला भोजनगृहातील भाकरीचा वास. बोलता बोलता मात्र आम्ही सारे एका तासिकेपाशी येऊन थांबलो. तास इंग्रजीचा होता आणि फळ्यावर धड्याचे नाव देवनागरीतही लिहिले होते : ‘टेलिव्हिजन, सिनेमा अँड लेझर टाइम’.

1990 च्या दशकाचा तो उत्तरार्ध. आम्ही नववीत होतो. कुणी मावळातल्या खेड्यांतून आलेले, कुणी पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांतून, तर कुणी थेट मराठवाड्यातून. कुणाचे वडील देहूरोडच्या डेपोत कामाला, कुणाचे आईवडील वीटभट्टीवर, कुणाचे दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. बहुतेकांच्या घरात इंग्रजी पुस्तक उघडणारे आम्ही पहिलेच होतो.

आमचे सर शब्द नुसते पाठ करून घेत नसत. शब्द कुठून आला, त्याचे मूळ गाव कोणते, हे ते आधी सांगत. ‘टेलिव्हिजन’ या शब्दातील पहिला भाग ग्रीक, म्हणजे दूर. दुसरा लॅटिन, म्हणजे पाहणे. आपला ‘दूरदर्शन’ हा शब्द त्याच अर्थाचा, हे कळले तेव्हा इंग्रजी एकदम जवळची वाटली. ‘सिनेमा’च्या मुळाशी गती हा अर्थ आहे. आपण ज्याला टॉकीज म्हणतो तो शब्द मुळात ‘बोलणारे चित्रपट’ असे सांगणारा. 1931 मध्ये ‘आलम आरा’ आला आणि हिंदी चित्रपट बोलू लागला. पुढच्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी चित्रपटाला वाचा दिली. चित्रपट बोलतो याचे नवल यथावकाश ओसरले, पण गावोगावच्या चित्रपटगृहांच्या नावात ‘टॉकीज’ तशीच राहिली. ‘ऑडियन्स’चे मूळ ऐकण्यात आहे आणि आपल्या ‘प्रेक्षक’ शब्दाचे पाहण्यात. एकाच खुर्चीवर बसलेल्या माणसाला एक भाषा कानाने ओळखते, दुसरी डोळ्याने, असे सर म्हणाले होते.

प्रत्यक्ष वाक्ये लिहिताना आमची त्रेधा उडे. मराठीत आपण टीव्ही बघतो, पिक्चर बघतो, मॅचही बघतो. इंग्रजीत टीव्ही ‘वॉच’ करायचा आणि रेडिओ नुसता ‘हिअर’ न करता ‘लिसन टू’ करायचा. ‘टाइमपास’ हा आमचा लाडका शब्द सरांनी उलटा करून दाखवला : इंग्रजीत तो ‘पासटाइम’, आणि त्यातही वेळ वाया घालवण्यापेक्षा तो आनंदाने घालवण्याचा अर्थ अधिक. उदाहरणे त्यांनी जवळचीच दिली. देहू आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. त्या देहूच्या तुकोबांवर प्रभात कंपनीने पुण्यात ‘संत तुकाराम’ काढला. 1936 च्या या चित्रपटाचा 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. ‘डिरेक्टर’ शब्द शिकताना आम्ही दामले आणि फत्तेलाल ही नावे लिहिली. ‘अ‍ॅक्टर’ शिकताना विष्णुपंत पागनीस.

‘हॉबी’ या शब्दाने आमची खरी परीक्षा घेतली. ‘माय हॉबी’ या विषयावर पाच ओळी लिहायच्या होत्या. वर्गातल्या बहुतेकांनी तिकिटे जमवणे हा छंद लिहिला, कारण पुस्तकात तोच होता. तिकिटांचा संग्रह आमच्यापैकी एकानेही पाहिला नव्हता. सर रागावले नाहीत. हॉबी म्हणजे मुळात एक लहानसा घोडा, मग मुलांच्या खेळातला लाकडी घोडा, आणि त्यावरून आवडीने केलेली गोष्ट, असे त्यांनी सांगितले. मग एवढेच म्हणाले, “घोडा दुसऱ्याचा आणू नका. स्वतःचा शोधा.”

शेवटी राहिला ‘लेझर’. धड्याखालचा प्रश्न होता : ‘व्हॉट डू यू डू इन युवर लेझर टाइम?’ लेझर टाइम म्हणजे मोकळा वेळ, हे वहीत उतरवले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मोकळा वेळ म्हणजे कपडे धुण्याचा ना?” वर्ग हसला, पण प्रश्न खोटा नव्हता. वसतिगृहाच्या वेळापत्रकात साडेचार ते सव्वापाच या रकान्यापुढे ‘मोकळा वेळ’ असेच लिहिलेले होते आणि त्याच पाऊण तासात आम्हाला कपडे धुवावे लागत. सर हसले नाहीत. दिवाळीच्या सुटीसाठी त्यांनी एकच गृहपाठ दिला : हा प्रश्न घरी आईवडिलांना मराठीत विचारा आणि उत्तर इंग्रजीत लिहून आणा.

सुटीनंतर वह्या उघडल्या. एकाच्या आईने विचारले होते, “मोकळा वेळ? म्हणजे काम नसते तेव्हा? तेव्हा तर पैसेही नसतात.” एकाचे वडील म्हणाले होते, “डेपोतून सुटलो की उरलेला दिवस माझाच.” वीटभट्टीवरच्या एका आईला प्रश्नच कळला नाही. दोनदा समजावल्यावर ती म्हणाली, “झोपते तेव्हा.” आमच्या त्या मित्राने लिहिले होते, ‘माय मदर स्लीप्स इन हर लेझर टाइम.’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होते. सरांनी ते मोठ्याने वाचले आणि खडू खाली ठेवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

मग त्यांनी ‘लेझर’चे मूळ सांगितले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आहे परवानगी असणे. लेझर म्हणजे ज्या वेळात आपल्या मनासारखे करण्याची मुभा आहे तो वेळ. त्यापुढे त्यांनी आणखी एक शब्द लिहिला : ‘स्कूल’. हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा मूळ अर्थच फुरसत. ज्याला फुरसत असे तो विचार करी, चर्चा करी, शिके. म्हणून त्या जागेलाही तेच नाव पडले. मात्र ग्रीकांची ती फुरसत गुलामांच्या श्रमावर उभी होती, हे सांगायला सर विसरले नाहीत. आपल्याकडे ही परवानगी कुणाला होती आणि कुणाला नव्हती, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

याच संदर्भात बाबासाहेबांनी 1945 मध्ये काँग्रेस व गांधीजींच्या अस्पृश्यविषयक कार्याची चिकित्सा करणाऱ्या ग्रंथात काय मांडले, ते आम्ही प्रथम ऐकले. माणूस पशूपेक्षा वेगळा ठरतो तो संस्कृतीमुळे. संस्कृतीला फुरसत लागते. आणि यंत्राने श्रम हलके केले तरच ती सर्वांच्या वाट्याला येते. म्हणून यंत्राला नाकारून साध्या जीवनाकडे परत चला, हा उपदेश त्यांनी अमान्य केला. फुरसत मूठभरांची मिरास राहू नये, हा त्यांचा आग्रह. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा 48 तासांवर आणणारी कारखाना कायद्याची दुरुस्ती 1946 ची. डेपोतून सुटल्यावर उरलेला दिवस आपला, असे आमच्या मित्राचे वडील सहज म्हणाले होते. त्या सहजतेमागे किती मोठा संघर्ष होता, हे त्या तासाला कळले. वीटभट्टीवरच्या आईपर्यंत तो कायदा पोहोचला नव्हता, हेही कळले.

पुढच्या आठवड्यात वेळापत्रक बदलले. कपडे रविवारी सकाळी धुवायचे आणि तो पाऊण तास खरोखरच मोकळा. पहिले दोन दिवस आम्ही नुसते उभे होतो. काय करावे ते सुचेना. मग कुणी ढोलकी काढली, कुणी चित्रे काढू लागला, कुणी ग्रंथालयाची खिडकी गाठली. रविवारी दुपारी सभागृहातल्या एकुलत्या टीव्हीवर मराठी चित्रपट लागे, तोही आम्ही वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागलो. ढोलकी काढणारा आज संगीतशिक्षक आहे. पण सगळ्यांचे घोडे काही कामी आले नाहीत, आणि ते यावेत अशी सरांची अपेक्षाही नव्हती.

‘हॉलिडे’ म्हणजे मूळचा पवित्र दिवस, हेही त्याच धड्यात शिकलो. जगासाठी 25 डिसेंबर हा नाताळ. देहूरोडसाठी तो 1954 साली बाबासाहेबांनी येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली तो दिवस. त्या दिवशी पाण्याच्या पिंपाशी उभे राहून आम्ही दिवसभर पेले भरत असू. लोकांच्या रांगेत कधी आमचीच आई दिसे. नवे लुगडे नेसलेली, मजुरी बुडवून आलेली. तो दिवस ती कुणाच्याही परवानगीशिवाय घेई.

आज आमच्यापैकी काही हिंजवडीच्या कंपन्यांत आहेत, काही शिक्षक, काही सरकारी नोकरीत. सुटीच्या दिवशीही फोन वाजतो आणि हातातला पडदा उरलेला वेळ गिळतो. वीटभट्टीवरची ती आई आता मुलाच्या घरी राहते. दुपारी मालिका पाहते. पण मुलगा दारात दिसला की गडबडीने टीव्ही बंद करून उठते, जणू चोरी पकडली गेली. परवा त्याने तिच्या हातातला रिमोट परत सुरू केला आणि शेजारी बसून भाग संपेपर्यंत पाहिला. दोघेही काही बोलले नाहीत.

आज शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींना आमचे एवढेच सांगणे आहे. तो प्रश्न पुस्तकात आला की तिकिटे जमवण्याचे उत्तर लिहू नका. आधी घरी विचारा. आणि आईचे उत्तर ‘झोपते तेव्हा’ असे आले, तर वाक्य बरोबर आहे म्हणून तेथे थांबू नका.