मिलाफाची कसोटी

एका कामाला अनेक हात लागले म्हणजे ते लवकर उरकते, असा सर्वांचा अनुभव आहे. विहीर खणणे, भिंत रचणे, पीक कापणे अशा कामांत तो खराही ठरतो. परंतु लिहिण्याच्या कामात दुसरा हात आला की त्याच्यासोबत एक चिंताही येते. दोघांनी दोन ठिकाणी बसून एकाच मजकुरात फेरफार केले, तर अखेरीस खरी प्रत कोणती मानावयाची? पहिल्याची प्रत ठेवावी, तर दुसऱ्याचे श्रम वाया जातात. दुसऱ्याची ठेवावी, तर पहिल्यावर अन्याय होतो.

संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांना ही चिंता रोजच भेडसावते. मोठी आज्ञावली लक्षावधी ओळींची असते आणि ती लिहिणारी माणसे निरनिराळ्या देशांत बसून काम करीत असतात. म्हणून प्रत्येक फेरफार कोणी केला, केव्हा केला आणि त्यापूर्वी मजकूर कसा होता, याची नोंद ठेवणारी साधने निर्माण झाली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रोचकाइंड यांनी १९७२ साली असे एक आरंभीचे साधन तयार केले. त्या काळची रीत सावधपणाची होती. एकाने मजकूर दुरुस्तीसाठी घेतला की त्याला जणू कुलूप लागे, आणि त्याचे काम संपेपर्यंत इतरांना वाट पाहावी लागे. त्यामुळे घोटाळा टळे खरा. पण वेळ फार जाई.

पुढे कुलूप काढून टाकणारी साधने आली. त्यांतील 'गिट' हे आज जगभर वापरले जाते. लिनक्स या संगणकव्यवस्थेचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली, फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना, लिहावयास घेतला होता. पुढे या कामाला असंख्य हात लागले. जे साधन वापरून त्या सर्वांचे लेखन एकत्र केले जात असे, ते विनामूल्य वापरण्याची सवलत २००५ साली बंद झाली. तेव्हा टोरवाल्ड्स यांनी त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात स्वतःच नवे साधन लिहिण्यास प्रारंभ केला. अवघ्या काही दिवसांत ते साधन स्वतःच्याच मजकुराची नोंद ठेवू लागले. जुलै महिन्यात त्याच्या देखभालीची जबाबदारी जुनिओ हमानो यांनी स्वीकारली.

दोन प्रतींचा मिलाफ हे साधन कसे करते, ते एका साध्या उदाहरणावरून कळेल. समजा, शाळेच्या सहलीची दहा ओळींची सूचना आहे. तिची एक प्रत एका शिक्षकांकडे आणि दुसरी प्रत दुसऱ्या शिक्षकांकडे आहे. काही वेळाने पाहावे, तर एकीत 'सहल शनिवारी निघेल' असे आहे आणि दुसरीत 'सहल शुक्रवारी निघेल' असे आहे. यांपैकी जुने कोणते आणि नवे कोणते? नुसत्या दोन प्रती समोर ठेवून हे कोणालाही सांगता येणार नाही. परंतु ज्या प्रतीवरून या दोन्ही निघाल्या, ती मूळ प्रत हाती असेल तर उलगडा तत्काळ होतो. मूळ प्रतीत 'शनिवारी' असेल, तर 'शुक्रवारी' हा कोणीतरी जाणूनबुजून केलेला बदल होय. म्हणून असे साधन दोन नव्हे, तर तीन प्रती ताडून पाहते. एकीने जिथे बदल केला आणि दुसरीने केला नाही, तिथे ते बदल स्वीकारते. दोघींनी अगदी सारखाच बदल केला असेल, तर तोही वाद न घालता घेते.

खरा पेच पुढेच आहे. मूळ सूचनेत निघण्याची वेळ सकाळी ७ होती. एका शिक्षकांनी ती ६ केली, दुसऱ्यांनी ८ केली. आता यंत्राने काय करावे? ६ आणि ८ यांच्या मधली वेळ धरावी काय? की जी प्रत शेवटी आली तिचेच खरे मानावे? गिट यांपैकी काहीच करीत नाही. ते थांबते. दोन्ही ओळी एकाखाली एक मांडते, त्यांच्या वर, मध्ये आणि खाली सात-सात चिन्हांच्या खुणा करते, आणि निर्णय माणसावर सोपवते. या प्रसंगाला संगणकाच्या परिभाषेत 'मर्ज कॉन्फ्लिक्ट', म्हणजे मिलाफातील संघर्ष, असे म्हणतात. दोन बदल अगदी लगतच्या ओळींवर झाले असले, तरीदेखील ते थांबते. कारण शेजारच्या ओळींचा अर्थ बहुधा एकमेकींत गुंतलेला असतो.

परंतु साधन योग्य जागी थांबते, हे कशावरून मानावयाचे? सोनाराने सोने चोख आहे असे म्हटल्याने ते चोख ठरत नाही. ते कसोटीच्या दगडावर घासून पाहावे लागते. गिटच्या मजकुरासोबतच अशा कसोट्यांचा एक मोठा संग्रह ठेवलेला आहे. प्रत्येक कसोटी म्हणजे मुद्दाम रचलेला एक लहानसा प्रसंग असतो. त्यात छोटा मजकूर घ्यावयाचा, त्याच्या दोन शाखा करावयाच्या, दोहोंत ठरावीक फेरफार करावयाचे, मग मिलाफ घडवून आणावयाचा, आणि हाती आलेला मजकूर अपेक्षित मजकुराशी अक्षरशः जुळतो की नाही ते पाहावयाचे. यांतील एका कसोटीसाठी लॅटिन भाषेतील एक प्राचीन स्तोत्र घेतलेले आहे. एका प्रतीत त्याच्या शेवटी ओळी वाढविलेल्या आहेत, तर दुसरीत आरंभीच्या ओळीत फरक केलेला आहे. या दोन प्रती मुकाट्याने एक झाल्याच पाहिजेत.

कसोट्या रचणाऱ्याची दृष्टी चौकस असावी लागते. सरळ प्रसंगात साधन क्वचितच चुकते. ते चुकते ते आडवळणाच्या प्रसंगात. एकाने एक प्रकरण समूळ काढून टाकले आणि दुसऱ्याने त्याच प्रकरणात दुरुस्ती केली, तर? तिथे साधनाने थांबलेच पाहिजे. नाहीतर दुसऱ्याची मेहनत निमूटपणे नाहीशी होईल. एकाने प्रकरणाचे नाव बदलले आणि दुसऱ्याने जुन्या नावाखाली त्यात भर घातली, तर? ती भर नव्या नावाच्या प्रकरणात पोचली पाहिजे. आणि मिलाफ अर्ध्यावर सोडून द्यावा असे वाटले, तर? तेव्हा सर्व मजकूर पूर्वी होता तसाच परत मिळाला पाहिजे.

या संग्रहात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या प्रसंगांत साधन अजून चुकते हे ठाऊक आहे, त्या प्रसंगांच्या कसोट्याही त्यात 'ही सध्या उतरणार नाही' अशी खूण करून ठेवता येतात. दोष झाकून ठेवला, तर त्याचा विसर पडतो. तो नोंदवून ठेवला, तर कोणीतरी कधीतरी तो दूर करतो.

अशा कसोट्यांचे मोल २०२१ साली विशेष दिसून आले. मिलाफ घडवून आणणारा गिटचा अंतर्भाग एलायजा न्यूरेन यांनी नव्याने लिहिला होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात जुन्या भागाच्या जागी हा नवा भाग नेहमीच्या वापरासाठी आला. चालत्या गाडीचे चाक बदलण्यासारखेच हे काम होते. जगभरची असंख्य माणसे आपापले श्रम ज्याच्या हवाली करीत होती, ते साधन एक दिवसही बंद ठेवता येत नव्हते, आणि कोणाची एक ओळही हरवून चालणार नव्हती. नव्या भागाला जुन्याच कसोट्यांतून जावे लागले. जिथे जुना भाग अडखळत असे, असे काही प्रसंगही त्याने नीट पार पाडले. त्यानंतरच त्याच्यावर भार सोपविण्यात आला.

तरीही या सर्व कसोट्यांना एक मर्यादा आहे. सहलीच्या सूचनेकडेच पुन्हा पाहू. समजा, एका शिक्षकांनी आरंभी निघण्याची वेळ ७ ऐवजी ६ केली. दुसऱ्या शिक्षकांनी त्या ओळीला हातही लावला नाही. त्यांनी फक्त सर्वांत खाली एक ओळ वाढविली, 'सर्वांनी साडेसहा वाजता पटांगणावर जमावे.' दोन्ही बदल दूरदूरच्या ओळींवर आहेत. यंत्राला संघर्ष दिसत नाही. ते दोन्ही बदल स्वीकारते आणि काम पुरे झाल्याचे सांगते. परंतु दुसऱ्या दिवशी साडेसहाला पटांगणावर जमलेल्या मुलांना गाडीची धूळदेखील दिसणार नाही! यंत्राने ओळी अचूक जुळविल्या. अर्थ मात्र जुळला नाही. म्हणूनच जाणते लोक मिलाफ निर्वेध झाला तरी तेवढ्यावर समाधान मानीत नाहीत. एकत्र झालेली आज्ञावली ते पुन्हा चालवून पाहतात आणि पुन्हा वाचतात.

संघर्ष दिसला की यंत्र बिघडले, असे नवख्या माणसाला वाटते. वस्तुतः योग्य जागी थांबलेले यंत्र आपले काम चोख बजावीत असते. दोघांच्या श्रमांपैकी कोणाचेही श्रम गुपचूप पुसले जाऊ नयेत, एवढी हमी त्याने दिली म्हणजे पुरे. वेळ ६ ठेवावी की ८, हे त्या दोन शिक्षकांनी एकत्र बसून, एकमेकांचे म्हणणे ऐकून ठरवावयाचे असते. ते काम कोणत्याही यंत्रावर टाकता येत नाही.