धीराचे हौतात्म्य

१९९८ च्या जून महिन्यात कार्डिनल आगोस्तिनो काझारोली रोममध्ये प्रभुवासी झाले, तेव्हा मला गुरुदीक्षा मिळून फार दिवस झाले नव्हते. खरे सांगायचे तर त्या बातमीने मन विशेष हळहळले नाही. सेमिनरीत आम्हा काही विद्यार्थ्यांचे त्यांच्याविषयी मत आधीच ठरून गेले होते. आमचे वीरपुरुष होते हंगेरीचे कार्डिनल मिंडसेंटी. कम्युनिस्ट राजवटीने तुरुंगात डांबलेले, छळलेले, तरीही न वाकलेले! आणि काझारोली? त्याच राजवटीच्या अधिकाऱ्यांसमोर बसून करारमदार करणारे. विशीतल्या रक्ताला याहून अधिक विचार करण्याची गरज वाटत नव्हती.

इटलीतील पिआचेन्झाजवळच्या एका गावात १९१४ साली काझारोलींचा जन्म झाला. वडील शिंपी होते. १९३७ मध्ये गुरुदीक्षा, १९४० पासून व्हॅटिकनच्या राज्यसचिवालयात नोकरी, आणि मग वीसएक वर्षे कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात. अशा माणसाचे नाव कुणाला ठाऊक असणार? परंतु १९६३ च्या मे महिन्यात, स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या पोप तेविसाव्या जॉन यांनी त्यांना बुडापेस्ट आणि प्राग येथे धाडले. पोलादी पडद्यापलीकडे ख्रिस्तसभेची स्थिती पाहून येण्याची ती कामगिरी होती.

ती स्थिती भयंकर होती. कुणी बिशप तुरुंगात, कुणी नजरकैदेत, कित्येक धर्मप्रांत बिशपांवाचून रिकामे. बिशप नाही तर गुरुदीक्षा कोण देणार? नवे धर्मगुरू नाहीत तर मिस्सा कोण अर्पण करणार, मरणाऱ्याच्या कपाळाला तेल कोण लावणार? काझारोलींच्या साऱ्या मुत्सद्देगिरीमागे हा साधा, व्याकूळ करणारा हिशोब होता. १५ सप्टेंबर १९६४ रोजी हंगेरीशी करार झाला. कम्युनिस्ट सरकारशी व्हॅटिकनने केलेला हा पहिलाच असा करार. काही आसनांवर बिशप आले, पण सरकारला चालतील असे! प्रागचे आर्चबिशप बेरान यांची स्थानबद्धता संपली, १९६५ मध्ये त्यांना रोमला जाऊ दिले गेले. परतण्याची वाट मात्र बंद झाली. १९६९ मध्ये त्यांनी परदेशीच देह ठेवला. त्यांचे पार्थिव मायदेशी पोहोचायला २०१८ साल उजाडले.

मिंडसेंटींचे दुःख याहून कडू आहे. १९५६ पासून पंधरा वर्षे ते बुडापेस्टच्या अमेरिकन वकिलातीत आश्रयाला होते. १९७१ मध्ये ते देशाबाहेर पडले. पदत्याग करण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा १९७४ मध्ये पोप सहाव्या पॉल यांनी त्यांचे आसन रिक्त असल्याचे जाहीर केले. जुलमी सत्तेला जे जमले नाही, ते स्वकीयांच्या सहीने झाले. मे १९७५ मध्ये त्यांनी व्हिएन्नात प्राण सोडला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १ ऑगस्ट रोजी, हेलसिंकी येथे पस्तीस राष्ट्रांच्या करारावर काझारोलींनी व्हॅटिकनच्या वतीने सही केली.

पण त्याच कराराच्या सातव्या तत्त्वात विचार, सदसद्विवेक आणि धर्म यांच्या स्वातंत्र्याचा शब्द होता, आणि सोव्हिएत संघानेही त्याखाली सही केली होती. पुढे चेकोस्लोव्हाकियातल्या ‘चार्टर ७७’ च्या मंडळींनी त्यांच्या सरकारला त्याच सहीची आठवण करून दिली. पोलंडमधून आलेले, या राजवटींना नखशिखांत ओळखणारे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ मध्ये राज्यसचिव निवडला तो काझारोलींनाच. हे वाचून माझी सेमिनरीतली ठाम मते प्रथम डळमळली. जून १९८८ मध्ये क्रेमलिनमध्ये पोप महोदयांचे पत्र गोर्बाचेव्ह यांच्या हाती देणारेही तेच. दीड वर्षाने, १ डिसेंबर १९८९ रोजी, गोर्बाचेव्ह व्हॅटिकनच्या दारी आले.

काझारोलींच्या आठवणी त्यांच्या मृत्यूनंतर, २००० साली, प्रसिद्ध झाल्या. शीर्षक आहे ‘धीराचे हौतात्म्य’. मिंडसेंटींचे हौतात्म्य डोळ्यांपुढे असताना हा शब्द वापरणे मला प्रथम धाडसाचे वाटले. आजही थोडेसे वाटते. त्या वृद्ध कार्डिनलच्या काळजावरची जखम हेलसिंकीने भरून निघाली, असे मी म्हणू शकत नाही.

हे मी आता दुरून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या धर्मग्रामात दोन घरांमध्ये वाडीच्या जमिनीवरून वैर होते. एकीकडे एक विधवा मावशी, दुसरीकडे तिचे दीर. वर्षभर मी दोन्ही ओटे झिजवले. अखेर दिरांनी विहिरीकडची वाट मोकळी केली, मुले एकमेकांशी बोलू लागली, नाताळात दोन्ही घरचे एका बाकावर बसले. सारे म्हणाले, फादरांनी समेट घडवला. मावशी मात्र मला म्हणाली, “वाट मिळाली, फादर. जमीन गेली ती गेलीच ना? तुम्ही त्यांना ती परत द्या म्हणून एकदाही बोलला नाहीत.” ती खोटे बोलत नव्हती. मी तसे बोललो असतो, तर बोलणीच तुटली असती. म्हणून गप्प राहिलो होतो.

काझारोलींविषयीची एक हकीकत पोप फ्रान्सिस सांगत असत. रोममध्ये कासाल देल मार्मो नावाची अल्पवयीन गुन्हेगारांची कोठडी आहे. काझारोली सवड काढून तिथल्या मुलांकडे जात. त्या मुलांसाठी ते केवळ ‘दोन आगोस्तिनो’, म्हणजे आगोस्तिनो फादर! पूर्वेकडील देशांचा वृत्तान्त सांगायला ते आले असता, अखेरच्या भेटीत पोप तेविसाव्या जॉन यांनी त्यांना विचारले की, त्या मुलांकडे अजून जाता ना? आणि त्यांना कधीही सोडू नका, असे बजावले. राज्यसचिव झाल्यावरही काझारोलींनी ते जाणे सोडले नाही. २०१३ च्या आज्ञा गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी पाय धुतले ते याच कोठडीतल्या मुलामुलींचे.

दुसऱ्या धर्मग्रामात माझी बदली होऊन आता तीन वर्षे झाली. मावशीकडे मी अजून जातो. ती चहा करते, नातवंडांचे सांगते, आणि मी उठायच्या आधी जमिनीचा विषय हमखास काढते. माझ्याजवळ तेव्हाही उत्तर नव्हते, आजही नाही. मी ऐकून घेतो.