साडेबावन्न तास

कुत्रे हेल काढून रडले की घरातले कुणीतरी जाणार, ही समजूत आपल्या वस्त्यांतून अजूनही पुरती गेलेली नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी शेजारच्या वहिनी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि चाचरत म्हणाल्या, "भाऊ, राग मानू नका, पण तुमचा टॉबी दुपारचा लई रडतो. बरं नसतं ते. यांची पण तब्येत आजकाल ठीक नाही."

झाले! आम्ही पडलो कार्यकर्ते. हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि वहिनींना पंधरा मिनिटे अंधश्रद्धेवर ऐकवले. कुत्र्याच्या रडण्याचा आणि माणसाच्या मरणाचा काडीचाही संबंध नाही, शकुन-अपशकुन हे सारे मनाचे खेळ आहेत, शिकल्या-सवरलेल्या घरात हे शोभत नाही, वगैरे वगैरे. वहिनी मान हलवत राहिल्या. "तुमचं बरोबर आहे भाऊ," म्हणाल्या आणि निघून गेल्या. एका घरातली अंधश्रद्धा घालवल्याच्या समाधानात आम्ही उरलेला चहा संपवला. टॉबी का रडतो, हे आम्ही वहिनींना विचारले नाही आणि स्वतःलाही विचारले नाही.

टॉबी आमच्याकडे आला तो २०२३ च्या जुलैमध्ये. आमची मुलगी तेव्हा सहावीत होती. धो धो पावसात इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे कुडकुडत बसलेले पिलू तिने रेनकोटात गुंडाळून वर आणले. आम्ही साफ नाही म्हटले. वडाळ्याची आमची खोली झोपडपट्टी पुनर्वसनातली, २६९ चौरस फुटांची. त्यात गावाहून आलेली आई धरून आम्ही पाच माणसे. त्यात हे सहावे कुठे ठेवायचे? मुलीने वाद घातला नाही. कपाटातले एक पुस्तक काढले आणि त्यातला फोटो आमच्यापुढे धरला. राजगृहात फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेला हा फोटो बहुतेक वाचक बंधू-भगिनींनी पाहिला असेल. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव, आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबी.

"पप्पा, बाबासाहेबांच्या घरी चालत होता, मग आपल्या घरी का नाही?"

या प्रश्नावर कोणता आंबेडकरी बाप काय उत्तर देणार? पिलाचे नावही त्याच क्षणी ठरून गेले. राजगृह केवढे मोठे आणि आपली खोली केवढी, हा मुद्दा आम्हाला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचला.

पुढच्या आठवड्यात पिलाला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेले. हे जनावरांचे इस्पितळ कागदोपत्री बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे, पण गिरणगावाच्या तोंडी ते बैलघोडाच. डॉक्टरांनी पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस टोचली, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा यायला सांगितले, तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस आणि ती मग दरवर्षी, हेही बजावले. शिजवलेले हाड घालू नका, ते फुटून टोकदार होते आणि आतड्यात रुतते, म्हणाले. आम्ही सारे वहीत उतरवून घेतले. मग त्यांनी विचारले, "दिवसा घरी कोण असतं?" एवढे लहान पिलू दोन-तीन तासांपलीकडे लघवी धरू शकत नाही, आणि पूर्ण वाढलेल्या कुत्र्यालाही सहा-आठ तासांहून जास्त कोंडून ठेवू नये, असे त्यांचे म्हणणे. "आई असते," आम्ही सांगितले. तेव्हा ते खरे होते.

आईने त्याला नातवासारखे वाढवले. दुधात भाकरी कुस्करून घालायची, दर दोन तासांनी काठी टेकत लिफ्टने खाली न्यायची, दुपारी जमिनीवर अंग टाकले की टॉबी तिच्या पाठीला पाठ लावून झोपायचा. पण मुंबईच्या खोलीत आईचा जीव किती रमणार? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून ती दोन दिवसांनी महाड तालुक्यातल्या आमच्या गावी परत गेली. टॉबीच्या दृष्टीने काय झाले असेल, याचा विचार आम्ही आता करतो. पाच महिने एक माणूस रात्रंदिवस जवळ होते आणि एके दिवशी ते माणूस नाहीसे झाले, कायमचे.

आमचा दिनक्रम असा. मुलगा सकाळी सातला कॉलेजला जातो, तेथून एका कुरियरच्या कचेरीत अर्धवेळ कामाला, घरी येतो सहाला. सहचारिणी साडेआठला शिवडीच्या कपड्यांच्या कारखान्यात. आम्ही सव्वानऊला निघतो. मुलगी पावणेबाराला शाळेत. म्हणजे दुपारभर घरात टॉबी एकटा. पहिल्याच आठवड्यात त्याने दोन चपला आणि मुलीचे भूगोलाचे पुस्तक फाडले, पायपुसण्यावर घाण केली. आम्ही संध्याकाळी त्याला दरडावले, एकदा वर्तमानपत्राची गुंडाळीही उगारली. मग बाजारातून चार फुटी साखळी आणली आणि जाताना त्याला स्वयंपाकाच्या ओट्याखाली खिडकीच्या गजाला बांधू लागलो. नासधूस थांबली. आम्ही म्हटले, शिस्त लागली.

मे २०२४ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीसाठी आमच्यासारख्या निमसरकारी कारकुनांनाही प्रशिक्षणाला बोलावले होते. त्या दिवशी प्रशिक्षण दुपारी साडेबारालाच आटोपले. एरवी आम्ही तेथून एखाद्या कार्यकर्त्याकडे गेलो असतो, पण ऊन असे की डोळे उघडवेनात, म्हणून घर गाठले. लिफ्ट बंद होती. पहिला मजला चढतो न चढतो तोच वरून आवाज कानावर आला. लांब, ओढून काढलेला, मध्येच तुटणारा आणि पुन्हा सुरू होणारा. आम्हाला वाटले, कुणाच्या तरी घरी काही झाले. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत कळले की तो आमच्याच दाराआडून येतो आहे.

आमच्या दारापासून चार पायऱ्या वर शेजारचे भाऊ उशी घेऊन भिंतीला टेकून बसले होते. एका गोदामावर ते रात्री आठ ते सकाळी आठ रखवालदारी करतात. डोळे लालबुंद. आम्हाला बघून उठायला लागले.

"भाऊ, झोपला नाहीत?"

"खोलीत झोप येईना, म्हटलं जिन्यात वारा लागतोय जरा." मग थांबून म्हणाले, "असू द्या. मुकं जनावर आहे ते."

किती दिवस झाले असे, विचारले. "आजी गावाला गेल्यापासून," ते म्हणाले. म्हणजे पाच महिने. बारा तास उभे राहून आलेला हा माणूस पाच महिने दुपारी झोपला नव्हता आणि त्याची बायको ते सांगायला आमच्या दारी आली होती. कमिटीवरच्या, सभेत बोलणाऱ्या माणसाला "तुमच्या कुत्र्यामुळे माझा नवरा मरेल" असे तोंडावर कसे म्हणायचे, म्हणून तिने अपशकुनाचा आडोसा घेतला होता. आम्ही त्या आडोशाशीच भांडलो.

दार उघडले. पाण्याचे पातेले उपडे पडलेले. ते कितीच्या सुमारास सांडले असेल देव जाणे, असे म्हणायची आमची पद्धत नाही, पण लादी वाळून कोरडी झाली होती. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन ओट्याखाली यायला लागले होते आणि साखळी अशी की त्याला तेथून सरकता येत नव्हते. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकूनच तो अंग थंड करतो, आणि त्यालाही अंगात पाणी लागते. खिडकीखालचा लाकडी पाट त्याने कुरतडला होता आणि हिरडीतून रक्त आले होते. आम्हाला पाहून तो ओरडला नाही, उडी मारली नाही. पोट जमिनीला घासत पुढे आला आणि साखळी संपली तेथे थांबला.

त्या दिवशी आम्ही ऑफिसच्या वहीसारखी वही घेऊन हिशेब मांडला. बी.कॉम. झालेल्या माणसाला दुसरे येते काय? परीक्षा आटोपून मुलगी आजीकडे गेली होती, त्यामुळे आता टॉबी सकाळी सव्वानऊ ते संध्याकाळी सहा एकटा. पावणेनऊ तास. शनिवारी आम्हाला सुट्टी असली तरी समाजकार्याच्या नावाखाली आम्ही बाहेरच. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस, एकूण साडेबावन्न तास. आणि त्याच आठवड्यात, १ मे च्या सभेत, आम्ही कामगार बांधवांना मोठ्या आवाजात सांगून आलो होतो की बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते म्हणून १९४६ मध्ये कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. टाळ्याही पडल्या होत्या.

पुढे एका वकील मित्राकडे हा विषय निघाला तेव्हा त्यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा काढून दाखवला. त्याच्या अकराव्या कलमात अवाजवी आखूड साखळीने जनावर फार वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे, आणि नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसे फिरवले नाही तर तोही. पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपये आम्ही कधीही भरले असते. त्या दुपारी जिन्यात जे भरावे लागले ते जास्त होते.

संध्याकाळी सहचारिणीला घेऊन आम्ही शेजारी गेलो आणि वहिनींची माफी मागितली. त्या गोंधळल्या. "अहो भाऊ, तुम्ही कशाला," म्हणत चहा टाकायला उठल्या. सहचारिणी मात्र स्पष्ट बोलणारी. घरी आल्यावर म्हणाली, "माफी मागून त्यांना झोप लागणार आहे का? काय करायचं ते सांगा."

काय करायचे? कुत्र्याला गावी पाठवावे तर आईच्या गुडघ्यांना आता त्याच्यामागे धावणे झेपत नाही. रस्त्यावर सोडणे म्हणजे घरात वाढलेल्या जीवाला मारणेच. बैलघोडाला जाऊन डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, हा सूड नव्हे आणि वांडपणाही नव्हे, एकटेपणाची भीती आहे. संध्याकाळी केलेली शिक्षा दुपारच्या चपलेसाठी आहे, हे कुत्र्याला कळत नाही. मालक आला की मार बसतो एवढेच कळते. त्यांनी सवय मोडायचा उपाय सांगितला. चावी उचलायची, चपला घालायच्या आणि जायचेच नाही. मग एक मिनिट बाहेर जाऊन परत यायचे, मग पाच, मग दहा. जाताना लाडीगोडी नाही, आल्यावर गोंगाट नाही. निघण्यापूर्वी चांगले अर्धा तास फिरवून आणायचे म्हणजे दमून झोपतो. साखळी बंद. पाणी दोन जड भांड्यांत.

मुलाने हे महिनाभर नेमाने केले. फरक पडला, नाही असे नाही. तासभर तो गप्प राहू लागला. पण तासभर म्हणजे पावणेनऊ तास नव्हेत. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे दुपारी ठेवून पाहिला. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी ब्लाउज न्यायला आलेल्या एका बाईंचे मूल त्याला बघून किंचाळले आणि ताईंनी हात जोडले. त्यांचेही बरोबर, गिऱ्हाईक गेले तर खायचे काय? सोसायटीच्या बैठकीत एकाने कुत्री बंदच करा म्हणून ठराव मांडला. असा ठराव सोसायटीला करता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच तसे परिपत्रक काढले आहे, हे आम्हाला ठाऊक होते. पण नियमाचा कागद फडकवायला त्या वेळी तोंड उघडेना. उठून बोलले ते शेजारचे भाऊ. "कुत्रा राहू द्या," म्हणाले, "दुपारी माझ्याकडे राहील."

आम्ही नको नको म्हटले. त्यांनी ऐकले नाही. त्यांचे म्हणणे साधे होते. तो एकटा म्हणून रडतो. मी घरात एकटाच झोपतो, वहिनी धुण्याभांड्याच्या कामाला जाते. दोघे झोपू.

जून २०२४ पासून हे चालू आहे. सकाळी नऊच्या सुमारास भाऊ ड्युटीवरून येतात, त्यांच्या पावलांचा आवाज जिन्यात आला की टॉबी दाराशी जाऊन उभा राहतो. मुलगा त्याला फिरवून आणतो म्हणून दमलेला असतोच. तांदूळ आणि कोंबडीचे पाय शिजवून, हाडे काढून, डबा आम्ही देतो. पैसे भाऊ घेत नाहीत. वहिनींनी मात्र एक काम सांगितले. त्यांच्या मुलीला दहावीला गणित अवघड जाते, ते आमचा मुलगा रोज रात्री शिकवतो. भाऊ गावाला गेले की आम्ही घरात पाळ्या लावतो. सहचारिणी एक दिवस रजा टाकते, आम्ही एक दिवस टाकतो, आणि शनिवारच्या सभांना आता "जमणार नाही" असेही सांगून पाहिले आहे. सभा आमच्यावाचून पार पडतात, असे दिसून आले.

परवा आमच्या एका सहकाऱ्याने मुलासाठी कुत्र्याचे पिलू घ्यायचे म्हणून विचारले. कोणत्या जातीचे बरे, किती महिन्यांचे घ्यावे. आम्ही त्यांना कागद-पेन दिले आणि घरातले कोण किती वाजता जाते, किती वाजता येते ते लिहायला सांगितले. ते लिहिता लिहिता हसले आणि कागद खिशात घालून घरी गेले. अजून पिलू आणलेले नाही.

रविवारी मात्र टॉबीची पंचाईत होते. आम्ही सगळे घरी आणि भाऊंचीही सुट्टी. नऊ वाजले की तो उठतो, दोन्ही दारांच्या मध्ये जिन्यातल्या लादीवर जाऊन बसतो, आणि कुठलेही दार उघडले तरी आधी दुसऱ्या दाराकडे बघतो.