आठ बीजाणूंची रांग

भाषांची सरमिसळ शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे संकराचा दाखला देत आलो. संकर म्हणजे स्वैर मिश्रण, असे गृहीत धरून. वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी न्यूरोस्पोरा ही पावावरची नारिंगी बुरशी दाखवली आणि दाखला लंगडा पडला.

तिच्या चिंचोळ्या पिशवीत आठ बीजाणू जन्मक्रमानेच बसतात. काळ्या-फिक्या बीजाणूंच्या संकरात चार काळे, चार फिके. मात्र रंगाचे जनुक आणि गुणसूत्रबिंदू यांच्या दरम्यान देवघेव झाली, की दोन-दोनांचे गट पडतात. झालेली देवघेव रांगेत वाचता येते! ती मोकाटही नाही. पाचव्या गुणसूत्रावरचे 'रेक-२' हे जनुक पहिल्यावरच्या 'हिस-३'जवळची देवघेव दुरून आवरते. आवरणारे रूप एकाच पालकाकडून आले तरी पुरते.

जुना दाखला वर्गात ठेवावा की नाही, यावर आमच्यात अद्याप एकमत नाही.