थोडा झोल हवाच!

आमच्या आजीला उघडी वस्तू बघवतच नसे. टीव्हीच्या स्टँडवर क्रोशाचा रुमाल, शिलाई मशीनवर जुनं लुगडं, एवढंच काय, मिक्सरलासुद्धा झालरीचा झगा! शाळेतल्या मैत्रिणी घरी येणार असल्या की मी ते सगळं गुपचूप काढून ठेवायचे. कॉन्व्हेंटमध्ये शिकणाऱ्या मुलीचं घर असं कसं दिसेल? मैत्रिणी गेल्या की आजी एक शब्दही न बोलता सगळं परत घालायची.

गेल्या वर्षी आजी गेली. तिचं एक हिरवं इरकली लुगडं मी हॉस्टेलवर आणलं होतं. यंदा गणपतीचं डेकोरेशन माझ्याकडे आलं आणि बजेट जवळजवळ शून्य! तेव्हा तेच बॅगेतून काढलं. नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. दोन खांबांच्या मध्ये मी ते ताठ ओढून बांधायला लागले. मला एकही सुरकुती नको होती. पिना पटापट सुटत होत्या. शेवटी काठाजवळ ते टर्रकन फाटलं. मी तिथेच स्टुलावर बसून रडले.

मेसच्या मावशी म्हणाल्या, "अगं पोरी, किती ओढशील? थोडा झोल दे की त्याला."

झोल! आम्हाला हा शब्द फक्त सबमिशनच्या वेळी आठवतो. पण मेकॅनिक्समध्ये हेच तर शिकलो होतो... टांगलेल्या केबलचा झोल निम्मा केला, की आडवा ताण दुप्पट. अगदी सरळ करायची म्हटलं तर ताणाला अंतच नाही. स्वित्झर्लंडचे इंजिनीअर हाइन्झ इस्लर तर ओलं कापड टांगून थंडीत गोठवायचे आणि ते उलटं करून काँक्रीटच्या पातळ छपरांचे आकार शोधायचे. सैल सोडलं की कापड आपला आकार आपणच घेतं. सूत्र मला पाठ होतं, मार्कही मिळाले होते. हातांना मात्र ते मावशींनी शिकवलं.

फाटलेली बाजू आत दुमडली, लुगडं सैल सोडलं. चुण्या आपोआप पडल्या. बाप्पाच्या मागे ते असं शोभलं, की सगळे विचारत होते, "कुठून भाड्याने आणलं गं?"

गणपती गेले. ते लुगडं धुऊन, फाटलं होतं तिथे टाके घालून मी माझ्या टेबलावर घातलंय. परवा एक मैत्रीण म्हणाली, "हे काय गं काकूबाईसारखं?"

या वेळी मी ते काढलं नाही.